सौरऊर्जा सगळ्यांना हवी, मग बिल आलं की भांडण का?

हिशोबी

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढतोय.

"वीज सूर्य-वाऱ्यापासून व्हावी का?" असं विचारलं तर बहुतेक देशांत बहुसंख्य लोक हो म्हणतात. पण त्याच धोरणाचा खर्च बिलात एका ओळीत छापून आला की सूर बदलतो. यावर नेहमीचं स्पष्टीकरण असं की लोक दुटप्पी आहेत, त्यांना पर्यावरण हवं पण फुकटात. मला हे पटत नाही. लोकांचा राग पॅनेलवर किंवा पवनचक्कीवर क्वचितच असतो. तो वाटणीवर असतो: कोणी भरायचं, कोणाला सूट, आणि हे कोणी ठरवलं.

स्वित्झर्लंडचं बघा. तिथे असले कायदे सार्वमताला जातात, त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागत नाही. जून २०२१ मध्ये कार्बन कायदा ५१.६ टक्के मतांनी पडला. त्यात इंधन महागणार होतं, विमानाच्या तिकिटावर कर बसणार होता. जून २०२३ मध्ये २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट ठेवणारा कायदा ५९ टक्क्यांनी मंजूर झाला. उद्दिष्ट छोटं नव्हतं, पण नवे कर नव्हते आणि घरं गरम ठेवण्याची जुनी यंत्रणा बदलायला अनुदान होतं. पुढच्या वर्षी अक्षय वीज वाढवण्याचा कायदा तर ६८.७ टक्क्यांनी पास. तीन वर्षांत मतदार बदलले नाहीत, मसुदा बदलला.

आता जर्मनी. २००० सालच्या कायद्याने सौर-पवन वीज बनवणाऱ्याला २० वर्षं ठरलेला दर दिला. तो दर आणि बाजारभाव यांतला फरक ग्राहकांच्या बिलातून अधिभार म्हणून घ्यायचा. २००४ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन म्हणाले की याचा भार एका घरावर महिन्याला आइस्क्रीमच्या एका गोळ्याइतका, म्हणजे साधारण एक युरो पडेल. २०१७ मध्ये तो अधिभार युनिटला ६.८८ सेंट झाला. वर्षाला ३५०० युनिट वापरणाऱ्या घराला महिन्याला वीस युरो, वर कर वेगळा. गंमत अशी की सौर-पवन वाढल्यामुळे घाऊक वीज स्वस्त झाली, घाऊक भाव पडला म्हणून फरक वाढला, आणि फरक वाढला म्हणून अधिभार वाढला. स्वस्ताई बिलावर महागाई होऊन छापली गेली! त्यातून भरपूर वीज खाणाऱ्या बड्या कारखान्यांना सवलत, म्हणजे त्यांचा वाटा घरांवर आणि लहान व्यावसायिकांवर. शेवटी १ जुलै २०२२ पासून अधिभार शून्य केला आणि खर्च सरकारी तिजोरीवर टाकला. खर्च तिथेच आहे, बिलातली ओळ गेली.

तुम्हाला काय वाटतं?

फ्यूज_उडाला

दर दुसऱ्या लेखात वाचतो की सौर वीज सगळ्यात स्वस्त. मग जिथे सौर-पवन सगळ्यात जास्त, तिथे घरगुती बिल सगळ्यात कमी हवं ना? जर्मनी आणि डेन्मार्क युरोपातल्या महाग घरगुती विजेच्या यादीत कायम वरच्या बाजूला. तुमची वाटणीबिटणी ठीक आहे, पण कुणीतरी कुठेतरी थापा मारतंय.

मुख्यवाहिनी

वितरणाच्या कामात आयुष्य गेलंय, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

थापा नाहीत, अर्धवट वाक्य आहे. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या हिशोबात मोठ्या सौर प्रकल्पाच्या विजेचा जागतिक सरासरी खर्च २०१० मध्ये युनिटला ४६ अमेरिकी सेंट होता, २०२३ मध्ये ४.४ सेंट. हा खर्च प्रकल्पाच्या फाटकापर्यंतचा. घराला वीज लागते संध्याकाळी साडेसातला, चौथ्या मजल्यावर, एकही झटका न खाता. मधल्या तारा, रोहित्रं, राखीव क्षमता, वसुली, कर हे सगळं त्या ४.४ मध्ये नाही. डेन्मार्कच्या बिलात वर्षानुवर्षं मोठा हिस्सा नुसत्या कराचा होता, त्याचा पवनचक्कीशी थेट संबंध नाही.

दुसरं, जुनी देणी. २००४ मध्ये जर्मनीत लहान छतावरच्या सौर विजेला युनिटला ५७ सेंटांच्या वर दर मिळायचा, वीस वर्षांसाठी. आज पॅनेल कवडीमोल झाली तरी तेव्हाचे करार संपेपर्यंत पैसे द्यावेच लागतात. पॅनेल स्वस्त व्हायला जी सुरुवातीची मागणी लागली, तिचं बिल बरंचसं जर्मन घरांनी भरलं आणि फायदा जगाने घेतला. नंतर आलेल्या देशांना हा धडा जवळजवळ फुकट मिळाला.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि याबद्दल ग्राहकाला कोणी धड सांगत नाही. बऱ्याच देशांत घाऊक बाजारात त्या तासाला लागणारी शेवटची, म्हणजे सगळ्यात महाग वीज ज्या भावाने येते तो भाव सगळ्यांना मिळतो. नव्वद टक्के वीज वाऱ्याची आणि शेवटची दहा टक्के गॅसची असली तरी भाव गॅसचा. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे गॅस भडकला तेव्हा युरोपात हेच झालं. स्पेन आणि पोर्तुगालने त्या जूनपासून वीजनिर्मितीच्या गॅसच्या किमतीवर मर्यादा घातली. युरोपीय संघाने नंतर गॅस न जाळणाऱ्या उत्पादकांच्या उत्पन्नावर मेगावॅट-तासाला १८० युरोंची कमाल मर्यादा आणली. त्या वर्षी लोक पवनचक्कीला शिव्या देत होते आणि मीटर गॅसचा फिरत होता.

झुळूक

+१. शेवटच्या परिच्छेदावर एक वेगळा धागा होऊ शकतो.

भाडेकरू

सगळी चर्चा छत असणाऱ्यांची चाललीये. ज्याला छतच नाही त्याचं काय? मी भाड्याच्या घरात राहतो. पॅनेल लावायचं तर घरमालकाची परवानगी. तो कशाला खर्च करेल, बिल मी भरतो. मी कशाला करू, दोन वर्षांनी घर सोडायचंय. पण सौर अनुदानाचा पैसा ज्या करातून किंवा अधिभारातून येतो तो मीही भरतोच. म्हणजे मी शेजारच्या बंगल्याच्या छताला वर्गणी देतोय. मी अक्षय ऊर्जेच्या विरोधात नाही, पण पाहणीत कोणी विचारलं तर "विरोध"वर टिक करीन, कारण "माझ्यावर अन्याय होतोय" असा रकानाच नसतो.

हिशोबी

@भाडेकरू, तुमचा हा शेवटचा मुद्दा मला धाग्यात हवाच होता. पाहणीचा रकाना "हो-नाही"चा असतो आणि लोकांच्या मनात "कसं" असतं.

एक छोटी गोष्ट तुमच्या बाजूने. जर्मनीत बाल्कनीच्या कठड्याला टांगायची पॅनेल निघाली, ८०० वॅटपर्यंतचा इन्व्हर्टर, साध्या प्लगने जोडायचा. २०२४ मध्ये त्यांची नोंदणी सोपी केली आणि भाडेकरूला ती लावायची परवानगी मालकाने सबळ कारणाशिवाय नाकारू नये अशी कायद्यात सोय केली. बचत फार मोठी नाही. पण घर सोडताना पॅनेल काढून सोबत नेता येतं.

ओसरी

छतवाल्यांवर टीका सुरू झालीच आहे तर छतवालीची बाजू ऐका.

आम्ही पैसे साठवून, थोडं कर्ज काढून पॅनेल बसवली. तेव्हा सांगितलं होतं की दिवसा ग्रिडला दिलेलं युनिट रात्री घेतलेल्या युनिटासमोर वजा होईल. हप्ते फिटायच्या आत नियम बदलायची चर्चा सुरू. आमच्यासारख्यांनी काय करायचं? आणि ही एकट्या माझी कथा नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात डिसेंबर २०१५ मध्ये नियामकाने परत दिलेल्या विजेचा दर घटवला आणि स्थिर आकार वाढवला, तोही आधीच पॅनेल लावलेल्यांसकट! छतावर सौर बसवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी राज्यातून काढता पाय घेतला. एवढा गदारोळ झाला की पुढच्या वर्षी जुन्या ग्राहकांना जुने नियम परत द्यावे लागले आणि २०१७ मध्ये कायदाच बदलावा लागला. स्पेनने २०१५ मध्ये स्वतःच्या छतावरची वीज स्वतः वापरणाऱ्यांवरही आकार लावला होता. लोकांनी त्याला "सूर्यकर" म्हटलं. २०१८ मध्ये तो रद्द झाला.

नवीन लोकांसाठी नियम बदला की, कोण नाही म्हणतंय? खेळ सुरू झाल्यावर का बदलता?

मुख्यवाहिनी

@ओसरीताई, जुन्यांना हात लावू नये हे शंभर टक्के मान्य. कॅलिफोर्नियाने तसंच केलं. १५ एप्रिल २०२३ नंतर अर्ज करणाऱ्यांना परत दिलेल्या विजेचा मोबदला सरासरी तीन चतुर्थांशाने कमी झाला, आधीच्यांना जोडणीपासून वीस वर्षांचं संरक्षण राहिलं.

पण युनिटाला युनिट वजा करण्याची पद्धत कायम का टिकू शकत नाही, हेही ऐका. बिलातल्या युनिटदरात विजेबरोबर तारांचा, रोहित्रांचा, रात्रपाळीच्या माणसांचा खर्च मिसळलेला असतो. तुमचं बिल शून्यावर येतं तेव्हा विजेसोबत तोही खर्च शून्य होतो, पण रात्री तारा तुम्ही वापरताच. इमारतीतल्या लिफ्टसारखं आहे हे. सकाळी जिना वापरणाऱ्यांनी देखभालीची वर्गणी बंद केली तर संध्याकाळी लिफ्ट सगळ्यांना हवीच असते, आणि वर्गणी उरलेल्या चार घरांवर येते.

दुपारचा प्रश्न वेगळाच. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडचालकांनी २०१३ मध्ये एक आलेख काढला: दुपारी ग्रिडवरची मागणी खोल बसते, सूर्य मावळताना एकदम उभी चढते. आलेखाचा आकार बदकासारखा म्हणून नावही तेच पडलं. त्या दुपारी आणखी एक युनिट ग्रिडला दिलं तर त्याची किंमत जवळजवळ काही नाही, कधी कधी उणे. संध्याकाळचं युनिट मात्र सोन्याचं. दोन्हींना एकच दर देणं म्हणजे आपणच आपल्याला फसवणं.

फ्यूज_उडाला

म्हणजे आधी "लावा लावा" म्हणून मागे लागायचं आणि लावल्यावर सांगायचं की तुमच्या विजेला किंमत नाही. वा!

मुख्यवाहिनी

हो, असंच झालंय बऱ्याच ठिकाणी. नेदरलँड्समध्ये वजावटीची पद्धत १ जानेवारी २०२७ पासून पूर्ण बंद, आणि तिथे जुन्यांनाही सूट नाही. निदान आधीपासून तारीख सांगितली, एवढंच.

सांजवात

तुमची सगळी उदाहरणं श्रीमंत देशांची. तिथले लोक हवामानाच्या काळजीने सौर लावतात असं गृहीत धरू. पाकिस्तान बघा. २०२४ या एका वर्षात तिथे जवळपास १७ गिगावॅट क्षमतेची पॅनेल आयात झाली. कारण काय? विजेचे दर आवाक्याबाहेर गेले. खासगी वीजप्रकल्पांशी केलेल्या करारांत वीज घ्या न घ्या, क्षमतेचे पैसे द्यावेच लागतात, आणि तेही डॉलरशी बांधलेले. रुपया घसरला, दर चढले. लोकांनी धोरणाची वाट बघितली नाही, चिनी पॅनेल आणली आणि छतावर टाकली.

आता पुढचं. पैसेवाले ग्रिडपासून निम्मेअधिक सुटले, विकली जाणारी युनिटं घटली, क्षमतेचं देणं तेवढंच. ते कोणावर? ज्याच्याकडे पॅनेल घ्यायला पैसे नाहीत त्याच्यावर. त्याचा दर अजून वाढतो, मग तोही उधारी करून पॅनेल घेतो. सरकारने छतावरच्या विजेचा खरेदीदर २७ रुपयांवरून १० वर आणायचं ठरवलं तेव्हा तिथेही ओसरीताईंसारखाच आक्रोश झाला.

इथे जनमत अक्षय ऊर्जेच्या बाजूने आहे की विरोधात? मला तर वाटतं प्रश्नच चुकीचा आहे. लोक वीज कंपनीच्या विरोधात आहेत आणि सूर्य त्यांच्या हाताशी आला.

हिशोबी

@सांजवात, जबरदस्त उदाहरण. माझ्या मूळ मुद्द्याला एक जोड देतो: लोकांना वाटणी पटली नाही आणि बाहेर पडायचा रस्ता मिळाला तर ते मत देत बसत नाहीत, बाहेर पडतात. रस्ता नसेल तर रस्त्यावर येतात. २०१८ च्या नोव्हेंबरात फ्रान्समध्ये पिवळ्या जाकिटवाल्यांनी तेच केलं. इंधनावरचा कार्बन कर गावाकडच्या, गाडीशिवाय कामावर जाऊ न शकणाऱ्या माणसावर पडत होता, आणि त्याच सरकारने आदल्या वर्षी श्रीमंतांचा संपत्ती कर जवळजवळ मोडीत काढलेला. दोन गोष्टी वेगवेगळ्या असतील अर्थखात्यात, खिशाला त्या एकच दिसल्या. जानेवारी २०१९ ची करवाढ मागे घ्यावी लागली.

निरीक्षक

वाटणी योग्य केली की लोक खूश, इतकं सरळ असतं तर कॅनडात काय झालं ते सांगा. २०१९ पासून केंद्राने इंधनावर कार्बन आकार लावला आणि जमा रकमेचा मोठा भाग घरांना परत दिला. अगदी थेट, उत्पन्न न बघता. कमी इंधन जाळणाऱ्या, म्हणजे बहुतेक करून कमी उत्पन्नाच्या घरांना भरल्यापेक्षा जास्त परत मिळत होतं. तरी अभ्यासात दिसलं की लोकांना परतावा खऱ्यापेक्षा कमीच वाटायचा, आणि तुमचा परतावा इतका आहे असं दाखवूनही मत फारसं हललं नाही. पक्ष आधी, पासबुक नंतर. एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरचा आकार शून्य झाला. वाटणी न्याय्य होती, पण आकार दर वेळी पंपावर दिसायचा आणि परतावा तीन महिन्यांनी गुपचूप खात्यात यायचा.

उलट टोकाचं उदाहरण देतो. जर्मनीतल्या सुमारे ४२ हजार घरांच्या प्रयोगात (२०१५ मध्ये प्रसिद्ध) नवा वीजकरार करताना "हरित वीज" हा पर्याय आधीच टिक केलेला ठेवला तर ६९ टक्क्यांनी तो तसाच ठेवला. टिक स्वतः करायची असेल तेव्हा फक्त ७ टक्क्यांनी केली. वीज तीच, थोडासा जास्त दरही तोच. आता सांगा, त्यातले किती जण "जनमत"?

भाडेकरू

म्हणजे आम्ही फॉर्म नीट वाचत नाही एवढंच सिद्ध झालं 🙂

झुळूक

पवनचक्कीबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी. जमीन, आवाज, सावली, उजाड टेकडी या तक्रारींना "माझ्या परसात नको" म्हणून हिणवायची फॅशन आहे. पण चक्की गावाच्या डोक्यावर, वीज दूरच्या शहराला, नफा तिसऱ्यालाच, तर गावाने का हो म्हणावं? डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्यालगत मिडेलग्रुंडेनला २० चक्क्या आहेत, ४० मेगावॅट. २००० च्या आसपास उभ्या राहिल्या. निम्मी मालकी सहकारी संस्थेची, आठ हजारांवर सभासद. शहरातून चक्क्या दिसतात, पण बघणाऱ्याचाच शेअर त्यात असतो. पुढे डेन्मार्कने कायदाच केला होता की नव्या पवन प्रकल्पातला किमान २० टक्के हिस्सा आसपासच्या रहिवाशांना देऊ करायचा. सगळ्यांनी तो घेतला नाही. ज्यांच्याकडे गुंतवायला पैसे होते त्यांनी घेतला. (पुन्हा तेच!)

फ्यूज_उडाला

@मुख्यवाहिनी, लिफ्टच्या वर्गणीसारखा तारांचा खर्च स्थिर आकारातून घ्यायचा, ही तुमची बाजू मला अजून पटलेली नाही. स्थिर आकार वाढवला की कमी वापरणारी एकटी म्हातारी आणि चार एसीवाला बंगला एकाच पंक्तीत. काटकसर करणाऱ्यालाच शिक्षा.

मुख्यवाहिनी

सरसकट वाढवला तर नक्कीच. कॅलिफोर्नियात आधी उत्पन्नाप्रमाणे स्थिर आकार लावायचा मोठा प्रस्ताव होता. श्रीमंतांवर एवढा कसा आणि वीज कंपनीने आमचं उत्पन्न का बघायचं, अशी दोन्हीकडून ओरड झाली. मे २०२४ मध्ये तडजोड झाली ती महिन्याला २४.१५ डॉलरची, कमी उत्पन्नाच्या घरांना ६ किंवा १२ डॉलर, आणि बदल्यात युनिटदर ५ ते ७ सेंटांनी कमी. म्हातारीला सवलत यादीत नाव असलं तर फायदा, नसलं तर तोटा. आणि सवलत यादीत नाव घालणं हा स्वतंत्र उपद्व्याप आहे, ते मी रोज बघितलंय.

माझं मत विचाराल तर जुनी देणी आणि अनुदानं बिलातून काढून सामान्य करातून भरावीत. कर निदान उत्पन्न बघून लागतो, बिल बघत नाही. बिलात फक्त वीज आणि तारा ठेवा.

सांजवात

आणि सरकारची तिजोरी रिकामी असेल तर? पहिली कात्री त्यालाच लागेल. बिलातला अधिभार निदान अर्थसंकल्पाच्या लहरीवर नसतो. जर्मनीला जमलं म्हणून सगळ्यांना जमेल असं नाही.

ओसरी

ते सगळं ठरेल तेव्हा ठरेल. मला आत्ता काय करायचं ते सांगा. धाकट्या भावाला पॅनेल बसवायचीत. लावू देत की थांबू दे?

मुख्यवाहिनी

छत रिकामं आणि दिवसा घरात वापर असेल तर लावू देत. मात्र वर्षभराच्या एकूण युनिटांवर पॅनेलची क्षमता ठरवू नका, विक्रेते तसंच गळ्यात मारतात. दिवसा घरात खरोखर किती वीज लागते त्यावर ठरवा. स्वतः वापरलेल्या युनिटाची किंमत कोणताही नियामक सहज काढून घेऊ शकत नाही, विकलेल्याची काढून घेतो. पंप, कपडे धुण्याचं यंत्र, गाडीचं चार्जिंग दुपारी वळवा. बॅटरी लगेच घेतलीच पाहिजे असं नाही, पण इन्व्हर्टर पुढे बॅटरी जोडता येईल असा घ्या. लिथियम बॅटरीच्या पॅकची जागतिक सरासरी किंमत २०२४ मध्ये किलोवॅट-तासाला ११५ डॉलरपर्यंत आली होती. अर्थात घरी बसवून मिळणारा संच त्याहून बराच महाग पडतो. आणि विकलेल्या युनिटाचा दर किती वर्षं तोच राहील हे जोडणीच्या करारात कुठे लिहिलंय ते त्याला बोट ठेवून दाखवायला सांगा. तोंडी नको.

फ्यूज_उडाला

आणि करारात लिहिलेलंच नसेल तर?

मुख्यवाहिनी

तर विकलेल्या युनिटाचे शून्य पैसे धरून हिशोब करा. तरीही पटला तर लावा.